विश्लेषण : नेपोलियनचे सेनापती ‘ड्यूक’ कसे झाले? लढायांच्या नावांचे किताब कोणाला मिळाले, कोणाला नाकारले गेले?

१८२७च्या जानेवारीत पॅरिसमधील ऑस्ट्रियन राजदूत काउंट अपोनी यांच्याकडे मेजवानी होती. दारातला चोपदार येणाऱ्या पाहुण्याला नाव विचारी आणि आत मोठ्याने पुकारा करी. नेपोलियनचे जुने सेनापती एकेक करून आले. एकाने आपला किताब सांगितला, ‘ड्यूक ऑफ डाल्मेशिया’. पुकारा झाला, ‘मार्शल सुल्त!’ मागून ‘ड्यूक ऑफ ट्रेव्हिझो’ आले. पुकारा झाला, ‘मार्शल मोर्तिए!’ चोपदाराच्या ऐकण्यात काही चूक झाली नव्हती, त्याला तसा हुकूमच होता. डाल्मेशिया आणि ट्रेव्हिझो हे दोन्ही मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते आणि आपल्या मुलखाचे नाव लावून एका फ्रेंच सेनापतीने मिरवावे, हे व्हिएन्नाला मान्य नव्हते. पॅरिसमध्ये एकच गहजब झाला. तोवर बूर्बाँ राजघराण्याचा निष्ठावंत म्हणून ओळखला जाणारा चोवीस वर्षांचा व्हिक्टर ह्यूगोही इतका चिडला की, त्याने नेपोलियनच्या विजयस्तंभावर एक दीर्घ कविता लिहून फेब्रुवारीत वर्तमानपत्रात छापली.

तोपर्यंत नेपोलियनचे साम्राज्य बुडून बारा वर्षे होत आली होती. सम्राट स्वतः १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर वारला होता. तरीही त्याने वाटलेल्या किताबांवरून दोन देशांत कटुता येत होती. मुळात हे किताब आले कुठून आणि त्यांत एवढे काय होते?

क्रांतीने मोडलेली सरदारकी परत कशी आली?

फ्रेंच राज्यक्रांतीने ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री सरंजामी हक्क रद्द केले आणि १९ जून १७९० रोजी वंशपरंपरागत सरदारकी, किताब आणि कुलचिन्हे यांवरच बंदी घातली. पुढच्या काळात ‘ड्यूक’ किंवा ‘काउंट’ म्हणवून घेणे ही जिवावर बेतणारी गोष्ट झाली. पण ज्या माणसांची ही हकिकत आहे, त्यांचे नशीब नेमके याच काळात उघडले. क्रांतीपूर्वी, १७८१च्या नियमानुसार, फ्रेंच सैन्यात थेट अधिकारी व्हायचे तर चार पिढ्यांची खानदानी सिद्ध करावी लागे. पिंपे बनवणाऱ्याचा मुलगा मिशेल नेय, खानावळवाल्याचा मुलगा म्युरा, रंगाऱ्याकडे उमेदवारी केलेला लान, जहाजावर पोऱ्या म्हणून राबलेला मासेना यांना त्या सैन्यात सार्जंटच्या पुढे वाट नव्हती. खानदानी अधिकारी देश सोडून पळाले, युरोपातील राजे चाल करून आले आणि या पोरांना पलटणी मिळाल्या. तिशीच्या आसपास ते जनरल झाले.

नेपोलियन सत्तेवर आला तेव्हा हे सैन्य विजयी होते, पण त्याला देण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही नव्हते. १८०२ मध्ये त्याने ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान सुरू केला. हे असले खुळखुळे राजेशाहीला शोभतात, प्रजासत्ताकाला नव्हेत, अशी कुरकुर सल्लागारांत झाली. त्यावर, माणसे खुळखुळ्यांनीच चालवली जातात, असे उत्तर नेपोलियनने दिल्याची नोंद आहे. मे १८०४ मध्ये तो सम्राट झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने अठरा सेनापतींना मार्शल केले. (अखेरीस ही संख्या २६वर गेली.) मार्शल ही लष्करातली प्रतिष्ठा होती. ती बापाकडून मुलाकडे जात नव्हती, आणि सम्राटाला पिढ्यान्पिढ्या टिकणारे काहीतरी हवे होते.

१८०६ मध्ये त्याने इटलीतील मुलखांच्या नावांनी बारा ड्यूकपदे निर्माण केली. डाल्मेशिया, इस्त्रिया, ट्रेव्हिझो, बेल्लुनो, पादुआ ही त्यांतली नावे. १ मार्च १८०८च्या फर्मानांनी तर ड्यूक, काउंट, बॅरन, शेव्हालिए अशी पूर्ण उतरंड उभी राहिली. साम्राज्य कोसळेपर्यंत सुमारे तीन हजारांवर लोकांना किताब मिळाले आणि त्यांत निम्म्याहून अधिक लष्करी पेशाचे होते. जुन्या सरदारकीपेक्षा यात एक मोठा फरक होता. या नव्या सरदारांना ना करमाफी होती, ना रयतेवर कसला हक्क. कायद्यापुढे ते इतरांसारखेच होते. क्रांतीशी आपण बेइमानी केलेली नाही, असे सम्राट यावरून सांगू शकत होता. ते कितपत पटण्यासारखे होते, हा भाग वेगळा.

पहिला मान एका जुन्या सार्जंटला का?

लढाईच्या नावाने दिलेला पहिला ड्यूक किताब फ्रांस्वा जोसेफ लफेव्हरला मिळाला आणि ही निवड अतिशय हिशेबाने केलेली होती. अल्सासमधील रुफाकचा हा माणूस क्रांतीपूर्वी राजाच्या ‘फ्रेंच गार्ड्स’मध्ये साधा सार्जंट होता. त्याची बायको कॅथरीन धोबीण होती. पुढे तिच्या फटकळ जिभेवर ‘मादाम साँ-जेन’ नावाचे नाटक (१८९३) आले आणि युरोपभर गाजले. लफेव्हरने १८०७ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील डांझिगला, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्कला, वेढा घातला. वेढ्याचे शास्त्र हे काही त्याचे काम नव्हे. खंदक-सुरुंगांची आखणी अभियंते करत होते आणि तो मात्र, ‘मला एक भगदाड पाडून द्या, मी आत शिरतो,’ असे म्हणत धुसफुसत होता असे सांगतात. मे महिन्यात शहर शरण आले आणि लफेव्हर ‘ड्यूक ऑफ डांझिग’ झाला.

याच्याहून मोठे विजय मिळवलेले सेनापती हाताशी असताना सुरुवात याच्यापासून का केली, हे नेपोलियनने पुढे सेंट हेलेनात सांगितले. लफेव्हर एके काळी साधा शिपाई होता आणि पॅरिसमधल्या सगळ्यांनी त्याला सार्जंटच्या वेशात पाहिले होते, हेच त्याचे कारण. ज्या शहराने सरदारांची मुंडकी उडवली, त्या शहरात पुन्हा ड्यूक आणायचा तर तो आपल्यातलाच वाटला पाहिजे. उलट बाजूने जुन्या खानदानी घराण्यांनाही यातून निरोप गेला की, यापुढे तुमच्या पंगतीला हा बसेल.

डांझिगच्या किताबाची एक दंतकथाही आहे. सम्राटाने लफेव्हरला न्याहारीला बोलावले, मुद्दाम ‘ड्यूक’ म्हणून हाक मारली आणि चॉकलेट आवडते का म्हणून विचारले. मग ‘डांझिगचे चॉकलेट’ म्हणून एक पुडके हातात दिले. घरी जाऊन उघडले तर आत तीन लाख फ्रँकच्या नोटा! तेव्हापासून फ्रेंच सैन्यात पैशाला ‘डांझिगचे चॉकलेट’ म्हणत. किस्सा कितपत खरा, हे सोडून दिले तरी किताबाच्या आत रोकड असते हे शिपायांना किती नेमके कळले होते, ते यातून दिसते.

लफेव्हरच्या नावावर आणखी एक गोष्ट सांगतात. बालपणीचा एक मित्र त्याच्या वाड्याकडे, ऐश्वर्याकडे हेव्याने पाहू लागला. लफेव्हर म्हणाला, चल अंगणात. तीस पावलांवरून तुझ्यावर वीस गोळ्या झाडतो. वाचलास तर हे सगळे तुझे. मित्र मागे सरकला. लफेव्हर म्हणाला, मला हे मिळण्याआधी याहून जवळून हजार गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. आणि ‘तुमचे पूर्वज कोण?’ या खानदानी प्रश्नावरचे ‘मीच पूर्वज आहे’ हे उत्तर त्याच्याही नावावर सांगितले जाते आणि जनरल ज्यूनोच्याही.

कोणाला कोणती लढाई मिळाली?

१८०८ मध्ये किताबांचा पाऊसच पडला. लान ‘माँटेबेलो’चा ड्यूक झाला, ओजरो ‘कास्तिल्योने’चा, मासेना ‘रिवोली’चा. ही तिन्ही ठिकाणे इटलीतल्या मोहिमांची. नेयला दानुबकाठच्या ‘एल्शिंगेन’चा मान मिळाला. तिथे १४ ऑक्टोबर १८०५ रोजी त्याने तोफांच्या माऱ्यात अर्धवट मोडलेला पूल ओलांडून टेकडी घेतली होती. पोर्तुगालवर चाल करून गेलेला ज्यूनो मार्शल नव्हता, पण ‘आब्राँतेस’चा ड्यूक झाला.

या यादीतले सर्वांत विचित्र नाव केलरमानचे. त्याला ‘वाल्मी’ मिळाले. २० सप्टेंबर १७९२ रोजी वाल्मीच्या टेकडीवर प्रशियाचे सैन्य थोपवले गेले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये राजेशाही संपवण्याचा ठराव झाला. म्हणजे ज्या लढाईने प्रजासत्ताकाला जन्म दिला, तिचे नाव एका सम्राटाने आपल्या ड्यूकच्या गळ्यात घातले. शिवाय बहुतेक किताब परमुलखातील गावांचे असताना हे गाव थेट फ्रान्सच्या भूमीवरचे. म्हाताऱ्या केलरमानला त्यातला विरोधाभास टोचल्याचे दिसत नाही. १८२० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याचे हृदय वाल्मीच्या रणभूमीवर पुरण्यात आले.

सर्वांना मात्र हे भाग्य लाभले नाही. १७९४ मध्ये फ्लरूसची लढाई जिंकून प्रजासत्ताक वाचवणाऱ्या जुर्दांला नेपोलियनने मार्शल केले, पण ड्यूक नाही. कट्टर प्रजासत्ताकवादी ब्र्यूनही साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात किताबाविनाच राहिला. वाल्मी चालते आणि फ्लरूस चालत नाही, यामागे लढाईच्या मोठेपणापेक्षा माणसाबद्दलची मर्जी-नामर्जी अधिक होती.

ऑस्टर्लिट्झ कोणालाच का नाही?

नेपोलियनची सर्वांत गाजलेली लढाई म्हणजे २ डिसेंबर १८०५ची ऑस्टर्लिट्झ. त्या दिवशी मधल्या प्राट्झन टेकाडावर चढून शत्रूचे सैन्य दुभंगण्याचे काम सुल्तच्या कोअरने केले. ‘ड्यूक ऑफ ऑस्टर्लिट्झ’ व्हावे अशी सुल्तची इच्छा होती, असे मानले जाते. त्याला डाल्मेशिया मिळाले. त्या प्रांताशी त्याचा लढाईपुरताही संबंध नव्हता आणि तो आयुष्यभर त्यावर नाराज राहिला.

ऑस्टर्लिट्झ, मारेंगो, येना, फ्रीडलँड ही चार नावे कोणालाच मिळाली नाहीत. ती सम्राटाची होती. उमेदीच्या काळातल्या कास्तिल्योने-रिवोलीत त्याने सोबत्यांना वाटेकरी केले खरे, पण सम्राटपदाचा पाया ज्यांवर उभा होता त्या लढायांत वाटेकरी नको होता. किताब देणे म्हणजे विजय कोणाचा, हे सरकारी शिक्क्यानिशी ठरवणे. तो शिक्का एकदा दुसऱ्याच्या नावावर उमटला की मागे घेता येत नाही, हे नेपोलियनइतके कोणाला कळणार?

म्हणूनच दावूचा किताब लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी नेपोलियन येना इथे लढत होता आणि समोर प्रशियाचे मुख्य सैन्य आहे असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात ते काही कोसांवर आउअरस्टेट इथे होते. तिथे दावूने आपल्या सुमारे २७ हजार सैनिकांनिशी त्याच्या दुपटीहून मोठ्या फौजेला धूळ चारली. सरकारी युद्धवार्तेत मात्र आउअरस्टेट म्हणजे येनाच्याच लढाईची उजवी बाजू असल्यासारखे लिहिले गेले. दोन वर्षांनी दावूला ‘ड्यूक ऑफ आउअरस्टेट’ केले गेले, तेव्हा त्या दिवशी दोन लढाया झाल्या होत्या आणि मोठी लढाई दावूने जिंकली होती, याची कबुली पहिल्यांदा मिळाली. ती वार्तापत्रातून न येता सनदेतून आली एवढेच.

सगळ्याच किताबांना असा भारदस्तपणा नव्हता. मार्शल व्हिक्टरला लाल चेहऱ्यामुळे आणि हसतमुख स्वभावामुळे सैनिक ‘बो सोलेय’, म्हणजे ‘सुंदर सूर्य’ म्हणत. त्याला बेल्लुनोचे ड्यूकपद मिळाले. फ्रेंचमध्ये ते ‘बेल्युन’ होते आणि ‘बेल ल्युन’ म्हणजे सुंदर चंद्र! सूर्याचा चंद्र झाल्याची ही थट्टा सम्राटाच्या घरातूनच निघाली, असे म्हणतात.

‘ड्यूक’च्या वर ‘प्रिन्स’ कोण?

लढाईच्या नावाचा ‘प्रिन्स’ हा किताब फक्त चौघांना मिळाला. दावू एकम्यूलचा, बेर्तिए व्हाग्रामचा, मासेना एसलिंगचा आणि नेय मॉस्कोवाचा प्रिन्स झाला. यांतला प्रत्येक किताब काहीतरी सांगतो आणि काहीतरी झाकतो.

व्हाग्राम (१८०९) ही नेपोलियनची स्वतःची मोठी लढाई. तिचे नाव दिले कोणाला, तर बेर्तिएला. तो त्याचा मुख्य कार्यवाह, हुकूम लिहून काढणारा आणि फौजांच्या हालचालींचे कोष्टक सांभाळणारा. स्वतंत्रपणे लढाई जिंकणारा सेनापती अशी त्याची ख्याती कधीच नव्हती, त्यामुळे त्याच्या हातात व्हाग्राम सुरक्षित होते. त्याच्याकडे १८०६ पासून स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलचे खरेखुरे संस्थानही होते. तिथे तो एकदाही फिरकला नाही.

एसलिंगची गोष्ट आणखी गमतीची. मे १८०९ मध्ये व्हिएन्नाजवळ दानुब ओलांडताना नेपोलियनला माघार घ्यावी लागली. ऑस्ट्रियन या लढाईला आस्पर्न म्हणतात आणि विजय मानतात. फ्रेंच तिला एसलिंग म्हणतात. त्या दोन दिवसांत मासेना प्रामुख्याने आस्पर्न गावात झुंजत होता. एसलिंग गाव लढवले ते लानच्या कोअरने. पायाला तोफगोळा लागून लान ३१ मे रोजी मरण पावला आणि पुढच्या वर्षी ‘प्रिन्स ऑफ एसलिंग’ झाला मासेना. ज्या लढाईत पीछेहाट झाली, तिला किताबातून विजयाचे रूप आले.

‘मॉस्कोवा’ही असेच. ७ सप्टेंबर १८१२च्या लढाईला रशिया आणि उरलेले जग बोरोदिनो म्हणते. नेपोलियनने मात्र मॉस्कोपर्यंत जाणाऱ्या नदीचे नाव उचलले. नेयला हा किताब मिळाला मार्च १८१३ मध्ये. तोवर फ्रेंच फौज रशियातल्या बर्फात जवळपास संपली होती आणि माघारीत पिछाडी सांभाळत, हातात शिपायाची बंदूक घेऊन लढलेला नेय दंतकथा झाला होता. खरे तर किताब त्या माघारीचा होता. पण माघारीच्या नावाने कोणी प्रिन्स होत नाही.

किताबाबरोबर त्या गावची जमीन मिळत होती का?

मराठी वाचकाला सरदारकी म्हटली की वतन, जहागीर, सरंजाम आठवतो. इथे गोष्ट वेगळी होती. डांझिगचा ड्यूक डांझिगचा मालक नव्हता आणि एल्शिंगेनमध्ये नेयची एक वावभरही जमीन नव्हती. नाव एका ठिकाणचे आणि उत्पन्न भलत्याच ठिकाणचे, अशी रचना होती. वेस्टफेलिया, हॅनोव्हर, पोलंड, इटली अशा जिंकलेल्या मुलखांतली सरकारी इस्टेट तोडून तिचे वार्षिक उत्पन्न या मंडळींना बांधून दिले जाई. दावूला पोलंडमधील लोव्हिचची मोठी इस्टेट मिळाली. सुशेला ‘आल्बुफेरा’चे ड्यूकपद मिळाले, तेव्हा व्हॅलेन्सियाजवळचे ते सरोवर आणि भोवतालची भातशेती यांचे उत्पन्नही मिळाले. हा अपवाद म्हणायचा. (खवय्यांना हे नाव आल्बुफेरा सॉसमुळे माहीत असते.)

रकमा डोळे फिरवणाऱ्या होत्या. बेर्तिएचे वार्षिक नेमणूक-उत्पन्न साडेबारा लाख फ्रँकच्या घरात होते, नेयचे दहा लाखांहून अधिक, दावूचे नऊ लाखांवर. पॅरिसमधला कारागीर तेव्हा दिवसाला तीनेक फ्रँक कमवत असे. किताब मुलाकडे जायचा तर मात्र ‘माजोरा’ नावाची अट होती. ड्यूकने दोन लाख, काउंटने तीस हजार, बॅरनने पंधरा हजार फ्रँक वार्षिक उत्पन्नाची, विकता न येणारी मालमत्ता किताबाला जोडून दाखवायची. ती नसेल तर किताब बापाबरोबर संपला. सरदार गरीब होऊन हास्यास्पद होऊ नये, हा उद्देश. पण परिणाम असा की, घराण्याचे भवितव्य परमुलखातल्या उत्पन्नावर आणि म्हणून सम्राटाच्या पुढच्या विजयावर टांगलेले राहिले. तो जिंकत राहील तोवर यांची लेकरे ड्यूक.

लढाईच्या नावाने किताब देण्याची कल्पना काही नेपोलियनची एकट्याची नव्हती. शिंद्यांच्या फौजेविरुद्ध १८०३ मध्ये दिल्ली आणि लासवारी इथे लढलेल्या जनरल लेकला ब्रिटनने पुढच्याच वर्षी ‘बॅरन लेक ऑफ दिल्ली अँड लासवारी’ केले. लासवारीला समोर उभी असलेली पायदळाची कंपू द बॉयन आणि पेराँ या अधिकाऱ्यांनी फ्रेंच पद्धतीने कवायत शिकवून तयार केलेली होती. दिल्लीत लेकची जमीन नव्हती, जशी डांझिगमध्ये लफेव्हरची नव्हती.

साम्राज्य बुडाल्यावर किताबांचे काय झाले?

४ एप्रिल १८१४ रोजी फोंतेनब्लोच्या राजवाड्यात नेय, लफेव्हर, उदिनो, मॅकडोनाल्ड आदी मार्शल नेपोलियनसमोर उभे राहिले आणि आता लढाई नको, असे त्यांनी सांगून टाकले. सम्राटाने सरदार केलेल्या माणसांना आता गमावण्यासारखे पुष्कळ होते. ज्या किताबांनी त्यांना सिंहासनाशी बांधून ठेवायचे, त्यांनीच त्यांना सावध केले. असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे आणि त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. वीस वर्षे अखंड लढून हे लोक थकलेही होते. आणि सर्वांत जास्त उत्पन्न मिळवणाऱ्यांपैकी दावू त्याच वेळी हॅम्बुर्गमध्ये वेढ्यात राहून शहर लढवत होता. त्याने ते मे महिन्यापर्यंत सोडले नाही.

त्याच रात्री मार्मोंचे सैन्य शत्रूच्या बाजूला जाऊन मिळाले. मार्मोंचा किताब होता ‘ड्यूक ऑफ राग्युझ’, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिकचा. पॅरिसच्या लोकांनी त्यावरून ‘राग्युझे’ असे नवे क्रियापदच तयार केले. अर्थ, दगा देणे. किताबाची अशी परतफेड दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली नाही.

परत आलेल्या बूर्बाँ राजाने शहाणपणा केला. १८१४च्या सनदेच्या ७१व्या कलमाने जुन्या सरदारांना त्यांचे किताब परत दिले आणि नव्यांना त्यांचे राखू दिले. परदेशांतली उत्पन्ने मात्र बुडाली. नाव राहिले, पैसा गेला. तेरा वर्षांनी अपोनी यांच्या चोपदाराने त्या उरलेल्या नावालाच हात घातला, म्हणून तो घाव एवढा झोंबला. नेपोलियनचा द्वेष करणाऱ्या राजनिष्ठ फ्रेंचांनाही तो झोंबला, हे विशेष. त्यांच्या लेखी हे किताब तोवर नेपोलियनचे राहिलेच नव्हते. ते फ्रान्सचे झाले होते.

पुढच्या राज्यकर्त्यांनी ही रीत चालू ठेवली. मोरोक्कोच्या सैन्याला हरवणाऱ्या ब्युजोला १८४४ मध्ये ‘ड्यूक ऑफ इस्ली’ केले गेले. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोल घेणारा पेलिसिए ‘मालाकॉफ’चा ड्यूक झाला, आणि १८५९ मध्ये मॅकमहाँ ‘माजेंता’चा. हाच मॅकमहाँ १८७३ मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष झाला. सर्वांत लाजिरवाणा प्रसंग ओढवला तो ‘काउंट ऑफ पालिकाओ’ याच्या वेळी. १८६०च्या चीन मोहिमेत बीजिंगजवळच्या पुलावर जिंकलेल्या कुझँ-मोंतोबाँला हा किताब आणि वर्षाला पन्नास हजार फ्रँकची नेमणूक देण्याचा तिसऱ्या नेपोलियनचा बेत होता. त्याच मोहिमेत चिनी सम्राटाच्या उन्हाळी महालाची लूट झाली होती. एरवी मान डोलावणाऱ्या कायदेमंडळाने पैसे द्यायला हरकत घेतली आणि सम्राटाला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. किताब तेवढा राहिला.

आज ही नावे कुठे आहेत?

आजचे फ्रेंच प्रजासत्ताक किताब देत नाही, पण जुने मोडतही नाही. कायद्याच्या दृष्टीने किताब हा नावाचा एक जोड आहे आणि वारसाने मागणी केली तर न्याय मंत्रालय कागदपत्रे तपासून त्याची नोंद करते. त्याने कुठलाही हक्क मिळत नाही. माँटेबेलो, आल्बुफेरा, रिवोली-एसलिंग ही घराणी टिकून आहेत. आउअरस्टेटचा किताब दावूच्या मुलाबरोबर संपला होता, तो १८६४ मध्ये पुतण्याच्या घराण्याकडे देऊन चालू ठेवला गेला. व्हाग्रामचा शेवटचा प्रिन्स पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, आघाडीवरच्या जखमांनी गेला.

पॅरिसभोवती ‘मार्शलांचे रस्ते’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुंद रस्त्यांचे कडे आहे. आता त्यावरून ट्राम धावते. दावू, सुल्त, मासेना, केलरमान, जुर्दां, ब्र्यून, लफेव्हर, लान, बेर्तिए अशा एकोणीस मार्शलांची नावे तिथे लागोपाठ येतात. मार्मोंचे नाव नाही. आणि एकाही पाटीवर किताब नाही. ड्यूक झालेला लफेव्हर आणि न झालेला जुर्दां तिथे एकाच मापाच्या पाट्यांवर आहेत.

शहराच्या उत्तरेकडचा रस्ता नेयच्या नावाचा आहे. १८१५ मध्ये तो राजाची नोकरी सोडून पुन्हा नेपोलियनला मिळाला आणि वॉटर्लूनंतर राजद्रोहाच्या आरोपाखाली सापडला. ७ डिसेंबर १८१५च्या पहाटे लक्झेंबर्ग राजवाड्यातल्या कोठडीत त्याला शिक्षा वाचून दाखवायला अधिकारी आला. सरकारी रिवाजाप्रमाणे त्याने आधी सगळे किताब म्हणायला सुरुवात केली, ड्यूक ऑफ एल्शिंगेन, प्रिन्स ऑफ मॉस्कोवा... नेयने त्याला मध्येच थांबवले. मिशेल नेय एवढेच म्हणा, तो म्हणाला, आणि थोड्याच वेळात मूठभर माती. सकाळी नऊच्या सुमारास ऑब्झर्व्हेटरीजवळच्या भिंतीशी उभे करून त्याला गोळ्या घातल्या.